नॉयबाबेल्सबर्गची चित्रशाळा

सन 1907 च्या उन्हाळ्यात बर्लिन शहरातील विजेची यंत्रे व उपकरणे तयार करणाऱ्या एका बलाढ्य कंपनीने पेटर बेहरेन्स नावाच्या चित्रकाराला आपला कलाविषयक सल्लागार नेमले. चित्रकाराने कारखान्यात जाऊन काय करावयाचे, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळांच्या मनात आला असेल, आणि तो अगदीच गैर होता असे म्हणता येत नाही. कारखान्याला इंजिनियर लागतो, हिशेबनीस लागतो, फार तर जाहिरातीचे एखादे चित्र काढून देणारा मनुष्य लागतो. परंतु रस्त्यावरच्या दिव्याचा आकार, किंमतपत्रकातील अक्षर, दुकानावरची पाटी, चहाच्या पाण्याची किटली आणि हजारो मजुरांनी जेथे राबावयाचे ती इमारत, ह्या सर्वांकडे एकाच माणसाने एकाच दृष्टीने पाहावे, ही कल्पना त्या काळी नवी होती. हल्ली प्रत्येक लहानमोठी पेढी स्वतःची ‘छाप’ बनवून घेण्यासाठी अशा कलावंतांकडे धाव घेते. ह्या व्यवसायाचे मूळ शोधू गेल्यास ते बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग ह्या वनराजीने वेढलेल्या वस्तीत, बेहरेन्सच्या राहत्या जागेला लागून असलेल्या चित्रशाळेत सापडते.

ही कंपनी म्हणजे ए. ई. जी. तिचा संस्थापक एमिल राथेनाउ ह्याने 1881 साली पॅरिसच्या विद्युत्प्रदर्शनात एडिसनचा दिवा पाहिला, आणि त्याचे हक्क मिळवून 1883 साली बर्लिनमध्ये व्यवसाय सुरू केला. 1887 साली त्या कंपनीने ए. ई. जी. हे नाव घेतले. वीसएक वर्षांत तिचा पसारा एवढा वाढला की बर्लिन शहराला वीज पुरविण्यापासून घरातल्या पंख्यापर्यंत तिच्या नावाने विकली न जाणारी विजेची वस्तू शोधूनच काढावी लागली असती. परंतु येथेच एक अडचण होती. कापडाचा व्यापारी कापड दाखवितो, धान्याचा व्यापारी मूठभर दाणे हातावर ठेवतो. वीज दाखवावयाची कशी? ती डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागू नये हेच बरे. लोकांना दिसतात त्या तिच्यासाठी केलेल्या वस्तू, आणि त्या वस्तू तर जुन्या काळचे कपडे घालून बाजारात येत. विजेच्या दिव्याला मेणबत्तीच्या झुंबराचे रूप द्यावे, लोखंडी खांबावर पानाफुलांच्या वेली चढवाव्यात, असा सर्रास प्रघात होता. कंपनीच्या नावाची अक्षरेही 1900 च्या सुमारास ओटो एकमान ह्या कलावंताने वेलीसारखी वळणे देऊन काढलेली होती. नव्या शक्तीला स्वतःचा चेहरा नव्हता.

तो चेहरा देण्याचे काम ज्याच्याकडे आले तो बेहरेन्स 1868 साली हांबुर्ग येथे जन्मला. म्युनिकमध्ये त्याने चित्रकार म्हणून नाव मिळविले. वास्तुकलेचे शिक्षण त्याने कोणत्याही शाळेत घेतलेले नव्हते. तरीही 1901 साली डार्मश्टाट येथील कलावंतांच्या वसाहतीत त्याने स्वतःसाठी घर बांधले, आणि त्यातील दारे, खुर्च्या, गालिचे, जेवणाची ताटे, काटे-चमचे हे सर्व स्वतःच आखले. तेथील इतर कलावंतांची घरे दुसऱ्याने बांधून दिलेली होती. ह्याने मात्र कोणाचे ऐकले नाही. ह्या हट्टातच पुढील सर्व गोष्टींचे बीज आहे. 1903 साली ड्युसेलडोर्फच्या कलाशाळेचा तो प्रमुख झाला. तेथे 1905 साली त्याने अक्षरलेखनाचे वर्ग सुरू केले आणि ते शिकविण्यास आना सिमोन्स ह्या विदुषीस बोलाविले. प्रशियातील कलाशाळांची दारे स्त्रियांना बंद असल्यामुळे ह्या बाईंना लंडनला जाऊन एडवर्ड जॉन्स्टन ह्या थोर अक्षरगुरूपाशी शिकावे लागले होते. ज्या देशाने विद्यार्थिनी म्हणून घेतले नाही त्याच देशात त्या शिक्षिका होऊन परतल्या.

अक्षराचा प्रश्न जर्मनीत किती नाजूक होता हे मराठी वाचकास सांगितल्याशिवायही कळण्यासारखे आहे. आपल्याकडे मोडी आणि बाळबोध ह्यांचा जसा जोड संसार चालत असे, तसा तेथे फ्राक्टुर नावाच्या टोकदार, काळ्याभोर वळणाचा आणि रोमन वळणाचा चालत असे; आणि कोणते वळण खरे जर्मन, ह्यावरून मोठमोठे विद्वान हमरीतुमरीवर येत. बेहरेन्सने प्रथम 1901 साली ह्या दोहोंच्या मधला असा एक टाइप काढला. तो ऑफनबाख येथील ओतशाळेतून बाहेर पडला व पुष्कळ चालला. ए. ई. जी.कडे आल्यावर मात्र त्याने रोमन वळणाकडे तोंड वळविले, आणि प्राचीन शिलालेखांतल्या अक्षरांचा भारदस्तपणा असलेला नवा टाइप आखला. कंपनीची किंमतपत्रके, पत्रके, पाट्या, सर्वत्र तेच अक्षर दिसू लागले. मधमाशांच्या पोळ्यातील घरासारख्या षट्कोनांत तीन अक्षरे बसविलेले बोधचिन्ह त्याने 1908 साली केले. पोळ्यात प्रत्येक घर दुसऱ्याला चिकटून, एकही जागा वाया न घालविता बसते. विजेच्या कंपनीला ह्याहून समर्पक खूण शोधून सापडली नसती. पुढे 1912 च्या सुमारास त्याने हा षट्कोनही काढून टाकला आणि नुसती तीन अक्षरे ठेवली. आपल्याच सुंदर कल्पनेवर असा बोळा फिरविणे किती अवघड असते, हे ज्याने एखादा निबंध तरी लिहून खोडला आहे त्याला ठाऊक असेल.

बेहरेन्स हा कंपनीचा नोकर नव्हता, ही गोष्ट विसरता कामा नये. त्याची चित्रशाळा त्याची स्वतःची होती आणि बाहेरची कामेही तेथे होत. कारखाने बर्लिनमध्ये धुराच्या छायेत. चित्रशाळा पॉट्सडामजवळ झाडांच्या छायेत. टेबलांवर कागद पसरून तरुण मंडळी उभ्याने किंवा वाकून काम करीत. एका टेबलावर दिव्याची झाकणी, दुसऱ्यावर प्रदर्शनातला मंडप, तिसऱ्यावर कुणा गृहस्थाचा बंगला. मालक अंगाने भव्य, पोषाखाने टापटीप, बोलण्यात थंड. चुकीला क्षमा नाही आणि कामाला वेळ नाही असा त्याचा खाक्या. तथापि हाच मनुष्य सवड मिळताच आपल्या सहायकांना घेऊन पॉट्सडामच्या आसपास शिंकेल ह्या जुन्या वास्तुविशारदाने बांधलेल्या इमारती दाखवावयास जाई. त्या जुन्या बागवाड्यांपुढे उभे राहून खांबाची उंची आणि दोन खांबांमधले अंतर ह्यांचे नाते तो समजावून देई. विजेच्या पंख्याचा बैठा भाग कसा असावा, ह्याचे उत्तर त्याला तेथे मिळत होते. नवे म्हणून जे जगाने वाखाणले त्यातील अर्धेअधिक असे जुन्याच्या अभ्यासातून आलेले होते.

ह्या मंडळींत वाल्टर ग्रोपियस हा 1908 साली आला. वास्तुविशारदांच्या घराण्यातला हा तरुण पदवी न घेताच शिक्षण सोडून आलेला होता, आणि विलक्षण गोष्ट अशी की त्याला रेखाटन जमत नसे. सरळ रेघ काढतानाही हात अडतो, असे त्याने आईला पत्रातून कळविले होते. ज्या ठिकाणी सर्व काही पेन्सिलीच्या टोकावर चालते तेथे असा मनुष्य टिकला, कारण त्याची बुद्धी योजनेत होती. त्याच वर्षी लुडविग मीस आला. हा आखेन गावच्या पाथरवटाचा मुलगा. त्याने कॉलेज पाहिलेले नव्हते, परंतु दगडाला छिन्नी कशी लागते हे तो लहानपणापासून पाहत आला होता. मोठा आकार म्हणजे काय हे आपण बेहरेन्सपाशी शिकलो, असे तो म्हातारपणी सांगत असे. एक कुलीन घरचा, एक पाथरवटाचा. दोघांनीही जे काढले ते बाहेर पडले बेहरेन्सच्या नावाने, आणि त्यानंतर बेहरेन्सचे नावही गळून कंपनीच्या तीन अक्षरांत विरून गेले. छाप बनविणाऱ्या कामाचा हा धर्मच आहे. जितके काम चांगले, तितका करणारा नाहीसा.

किटलीची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. 1909 साली ह्या चित्रशाळेतून विजेवर पाणी तापविणाऱ्या किटल्यांचे नमुने गेले. आकार तीन, धातूचे रंग तीन, पृष्ठभाग तीन तऱ्हांचे आणि मापेही तीन. ह्यांची अदलाबदल केली म्हणजे गणिताने 81 प्रकार होतात. त्यांपैकी सुमारे 30 प्रत्यक्ष विक्रीस ठेवले गेले. मुठी, झाकणे आणि आतला तापणारा भाग थोड्याच प्रकारांचे ठेवल्याने उत्पादन स्वस्त पडे, आणि गिऱ्हाइकाला मात्र आपण मनासारखी निवड केली असे समाधान मिळे. मूठ तापू नये म्हणून तिला वेत गुंडाळलेला असे. ह्या किटल्यांचा एक पृष्ठभाग ठोके मारल्यासारखा होता. पुण्याच्या तांबट आळीत बंब किंवा घंगाळ मठारताना हातोडीचा एकेक ठोका मोजून पडतो, आणि त्यामुळे पत्र्याला बळकटी येऊन त्यावर चंद्रकोरींसारखे ठसे उमटतात, हे मराठी माणसाने पाहिलेले आहे. त्या ठशांमागे कारागिराचे मनगट असते. बर्लिनच्या किटलीवरचे ठसे यंत्राने उमटविलेले होते. म्हणजे ज्याने दिव्यावरच्या खोट्या वेली खरवडून काढल्या त्यानेच किटलीवर खोटे ठोके मारले! बेहरेन्सच्या भक्तांना ही गोष्ट फारशी आवडत नाही. परंतु गिऱ्हाइकाच्या घरात जावयाचे तर त्याच्या आजीच्या भांड्यांची थोडी ओळख ठेवावी लागते, हे तो जाणून होता. त्याच्या नावे प्रसिद्ध असलेला शुद्धतेचा आग्रह त्याच्या चित्रशाळेत एवढा कडक कधीच नव्हता.

त्याच वर्षी बर्लिनच्या मोआबिट भागात टर्बाइनगृह उभे राहिले. लोखंडी कमानी जमिनीतून उगवल्यासारख्या एकामागून एक ओळीने उभ्या, त्यांच्या तळाचे बिजागऱ्यांसारखे प्रचंड सांधे रस्त्यावरून जाणाऱ्याला उघडे दिसतील असे ठेवलेले, आणि मधून मधून काचेचे उंच पडदे. इंजिनियर कार्ल बर्नहार्ड ह्याने ह्या सांगाड्याचे गणित केले. पुढील बाजूस मात्र बेहरेन्सने दोन्ही कोपऱ्यांवर किल्ल्याच्या बुरुजासारख्या काँक्रीटच्या भिंती चढविल्या. त्या पाहून वाटते की सारे छप्पर त्यांच्यावरच तोललेले आहे; वस्तुतः त्या कसलाही भार घेत नाहीत. बर्नहार्ड ह्याला हे रुचले नाही आणि त्याने तसा आक्षेपही घेतला. हा वाद वरवर पाहता दोन तज्ज्ञांतला दिसतो, परंतु त्यात ह्या सर्व धंद्याचे मर्म आहे. इमारतीने आपण कशी उभी आहे हे सांगावे, की आपण किती बळकट आहे हे भासवावे? कंपनीला दुसरे हवे होते. त्या दोन बुरुजांमध्ये, कौलारू देवळाच्या शिखराशी मूर्ती असावी तशी, पोळ्याची षट्कोनी खूण बसविण्यात आली. कारखाना हीच जाहिरात झाली. अंगणाकडील साध्या बाजूच्या खिडक्या आपण आखल्या, असे मीस पुढे सांगे. आणि मालकाला आपण काय केले आहे ह्याची पुरती कल्पना नव्हती, असा शेराही मारी. शिष्याचे हे बोलणे उद्धटपणाचे खरे. तरी ती बाजू जाऊन पाहणाऱ्यास त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही.

1910 साली दिलेल्या एका व्याख्यानात बेहरेन्सने आपली बाजू मांडली. वेगाने धावणाऱ्या वाहनातून शहराकडे पाहणाऱ्याला बारीक नक्षी दिसत नाही, दिसते ती फक्त बाह्याकृती. म्हणून ह्या काळाला मोठी, सलग, शांत पृष्ठे हवीत, असे त्याचे म्हणणे. हे म्हणणे इमारतीला लागू आहे तसेच बोधचिन्हालाही लागू आहे, हे उघड आहे.

ग्रोपियस, मीस आणि ले कॉर्ब्यूझिए हे विसाव्या शतकातील वास्तुकलेचे तीन महारथी एकाच वेळी ह्या चित्रशाळेत शेजारी शेजारी बसून काम करीत होते, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती सुंदर आहे पण खरी नाही. ग्रोपियस 1910 च्या मध्यास, एका घराच्या बांधकामाच्या दोषांवरून मालकाशी बिनसल्यावर, आडोल्फ मायर ह्या सहकाऱ्यासह बाहेर पडला. ले कॉर्ब्यूझिए, म्हणजे त्या वेळचा शार्ल-एदुआर जानरे, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आला आणि पाच महिन्यांत निघूनही गेला. मीस मध्यंतरी काही काळ बाहेर होता, आणि जानरे ह्याची आपली गाठ दारात जाता-येता एकदाच पडली, अशी त्याची आठवण आहे. हा जानरे स्वित्झर्लंडमधून आलेला, तेवीस वर्षांचा आणि मानी. आपल्या गुरूस लिहिलेल्या पत्रांतून त्याने येथल्या जाचाबद्दल कडवट तक्रारी केल्या आहेत. परंतु शिस्त कशी असते आणि एका सूत्रात सर्व वस्तू कशा ओवल्या जातात, हे येथेच कळले हेही तो नाकारीत नाही. चाळीस वर्षांनी हाच मनुष्य पंजाबात आला आणि चंडीगढ नगरी आखू लागला. तेव्हा रस्त्यांपासून विधानसभेच्या रंगविलेल्या दरवाजापर्यंत सर्व काही एका हाताने करण्याचा त्याचा हट्ट पाहून नॉयबाबेल्सबर्गची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मीसचे जाणे सर्वांत दुःखदायक झाले. हॉलंडमधील क्र्योलर-म्युलर ह्या धनिक दांपत्याने बेहरेन्सकडे वाड्याचे काम दिले. बाईसाहेबांना कागदावरून अंदाज येईना, म्हणून 1912 च्या प्रारंभी लाकूड आणि जहाजाच्या शिडाचे कापड ह्यांचा पूर्ण मापाचा वाडाच नियोजित जागेवर उभा करून दाखविण्यात आला. तरीही त्यांचे मन भरले नाही. उलट देखरेखीस आलेला सहायकच त्यांच्या मनात भरला, आणि त्यांनी त्याला स्वतंत्र योजना करावयास सांगितले. गुरूच्या यजमानाने शिष्याला बोलवावे आणि शिष्याने जावे! ह्यानंतर एका छपराखाली राहणे शक्य नव्हते. मीसच्याही योजनेचा तसाच कापडी वाडा उभारून पाहण्यात आला, आणि तोही नापसंत ठरला. दोघांपैकी कोणाचाच वाडा बांधला गेला नाही. तुटले ते मात्र तुटले.

ग्रोपियसने मात्र उत्तर दिले ते विटांत आणि काचेत. 1911 साली त्याने आणि मायरने आल्फेल्ड गावी बुटांचे साचे करणाऱ्या फागुस कारखान्याचे काम हाती घेतले. जेथे गुरूने बुरूज उभारले होते, नेमक्या त्याच जागी, म्हणजे कोपऱ्यात, ह्याने खांबच ठेवला नाही. दोन काचेचे पडदे एकमेकांना येऊन भिडतात आणि मागे आकाश दिसते. मोआबिटचे टर्बाइनगृह ज्याने आतून पाहिले होते त्यालाच हे सुचावे, ह्यात आश्चर्य नाही. 1919 साली वायमार येथे बाउहाउस ही शाळा काढून ह्याच ग्रोपियसने चित्रशाळेतली विद्या जगाला वाटली.

पहिले महायुद्ध आले आणि कंपनीशी असलेला बेहरेन्सचा जुना संबंध संपुष्टात आला. युद्धाच्या मध्यास, 1916 साली, त्याला अक्षराचेच एक काम मिळाले. बर्लिनच्या संसदभवनाच्या दर्शनी भागावर ‘जर्मन जनतेला’ अर्पण असल्याचा लेख कोरावयाची जागा इमारत पुरी झाल्यापासून वीस वर्षे रिकामी पडली होती. ती अक्षरे बेहरेन्स आणि त्याची जुनी सहकारी आना सिमोन्स ह्यांनी आखली. फ्राक्टुर की रोमन हा जुना तंटा येथेही उभा होता. त्यांनी दोहोंच्या मधली वाट काढली. नेपोलियनशी झालेल्या युद्धात पाडाव केलेल्या तोफा वितळवून लोव्ही नावाच्या ज्यू कुटुंबाच्या ओतशाळेत ती ओतली गेली. पुढे नात्सी राजवटीत ह्याच कुटुंबातील काहींना छळछावण्यांत प्राणास मुकावे लागले.

एमिल राथेनाउचा मुलगा वाल्टर हा वडिलांच्या पश्चात कंपनीचा अध्यक्ष आणि नंतर जर्मनीचा परराष्ट्रमंत्री झाला. तो ज्यू असल्याचा राग धरून राष्ट्राभिमानी म्हणविणाऱ्या तरुणांनी 24 जून 1922 रोजी बर्लिनच्या रस्त्यावर भर दिवसा त्याला गोळ्या घातल्या. बाउहाउस 1933 साली मीसच्या अध्यक्षतेखाली बंद पडले. ग्रोपियस 1934 साली आणि मीस 1938 साली देश सोडून गेले. बेहरेन्स मात्र 1936 साली व्हिएन्नाहून बर्लिनच्या अकादमीत परतला. हिटलरच्या मनातील नव्या राजधानीच्या भव्य राजमार्गावर ए. ई. जी.चे मुख्य कार्यालय बांधावयाचे ठरले, आणि त्याचे नकाशे करण्याचे काम ह्या वृद्ध कलावंताने पत्करले. ज्या घराण्याने त्याला तीस वर्षांपूर्वी बोलाविले त्या घराण्याचे नाव त्या वेळी जर्मनीत उघडपणे घेण्याची सोय नव्हती. नकाशे झाले. 27 फेब्रुवारी 1940 रोजी बेहरेन्स बर्लिनमध्ये वारला, आणि ती इमारत बांधली गेलीच नाही.

कंपनीही 1996 साली मोडली. तिचे नाव आता इतरांच्या धुलाईयंत्रांवर व शेगड्यांवर दिसते. मोआबिटचे टर्बाइनगृह बॉम्बवर्षावातून वाचले. मालक बदलले तरी तेथे काम टर्बाइनांचेच चालू राहिले, आणि भार न पेलणाऱ्या त्या दोन बुरुजांच्या मध्ये, दर्शनी त्रिकोणात, पोळ्याची खूण अद्याप आहे.